लेझरला पांढरा केस दिसत नाही

आमच्या बँकेत काउंटरच्या डाव्या हाताला मोठी खिडकी आहे. सकाळी साडेदहाच्या सुमाराला तिच्यातून ऊन तिरकं आत येतं आणि त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या गालावर पडतं. ती खुर्ची मी सात वर्षं टाळली. मॅनेजरना सांगितलं की उन्हाने डोकं दुखतं. खरं कारण हनुवटीवर होतं. तिरक्या उजेडात पांढरा केस चमकतो, आणि पासबुक घेऊन समोर उभी असलेली बाई बोलता बोलता डोळ्यांवरून नजर काढून खाली हनुवटीकडे बघते. ती काही म्हणत नाही. पण ती बघते, आणि आपल्याला ते कळतं.

मी ५१ वर्षांची आहे, साताऱ्यात राहते. हे लिहायला बसले, कारण चेहऱ्यावरच्या पांढऱ्या केसांचं काय करायचं हे मला नीट सांगणारं कुणी भेटेपर्यंत माझी बरीच वर्षं आणि बरेच पैसे गेले.

चोविसाव्या वर्षी माझी पाळी चुकायला लागली. सोनोग्राफीत अंडाशयांवर बारीक गाठी दिसल्या, वजन कमी करायला सांगितलं, लग्नानंतर सगळं सुरळीत होईल असंही सांगितलं. हनुवटीवर तेव्हाच चार-पाच जाड काळे केस आले होते. त्यांचा आणि पाळीचा संबंध असतो हे त्या दिवशी कुणी बोललं नाही आणि मीही लाजेने विचारलं नाही. मग पार्लर. ओठांवर दर पंधरा दिवसांनी दोरा, हनुवटीला घरी चिमटा. चिमटे कुठे कुठे होते ते आठवलं तरी जीव दुखतो. पर्समध्ये एक, बँकेच्या ड्रॉवरमध्ये एक, उशीच्या अभ्र्यात एक. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाताना रिक्षात बसून बोटाने खुंट चाचपत होते. ती स्टेजवर काय बोलली ते मला आज आठवत नाही.

पहिला पांढरा केस त्रेचाळिसाव्या वर्षी सापडला. पाळी गेल्यावर ते झपाट्याने वाढले. तेव्हा वाटायचं, वय झालं, आता केस गळतील, कमी होतील. डोक्यावरचे कमी झालेही. हनुवटीवरचे वाढले. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन खाली येतं आणि जी थोडी पुरुषी हार्मोन्स प्रत्येक बाईत असतात त्यांचा जोर उरतो, म्हणून या वयात ओठांवर आणि हनुवटीवर राठ केस येणं अगदी सर्रास आहे, हे मला फार पुढे एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कोरोनाची दोन वर्षं माझ्यासाठी वेगळ्या अर्थाने सोपी गेली. तोंडावर मास्क होता.

त्याच काळाच्या शेवटी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ती पाठीवर निजून होती. भेटायला माणसांची रीघ. एका दुपारी गावाकडच्या बायका येऊन गेल्या आणि आईने माझा हात धरला. मला वाटलं पाणी हवंय. तिने माझी बोटं ओढून स्वतःच्या हनुवटीवर ठेवली. "तेवढं काढ गं. सगळी वाकून बघतात."

मी पडदा ओढला, पर्समधला चिमटा काढला आणि आईचे केस उपटले. सगळे पांढरे. सतरा-अठरा असतील. आमच्या दोघींच्याही हनुवटीवर तेच, एका घरात इतकी वर्षं, आणि त्या दिवसापर्यंत आम्ही यावर एक शब्द बोललो नव्हतो. ती रात्री आरशापुढे उभी राहून काय करायची ते मी पाहिलं होतं. मी काय करते ते तिने पाहिलं असणारच. तिचे हात चालेनात तेव्हा तिला सांगावं लागलं. आई त्यातून उठली नाही. महिन्याभराने मी ठरवलं की माझे हात चालताहेत तोवर याचा कायमचा निकाल लावायचा.

कायमचं म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी लेझर. मीही तेच केलं. शहरातल्या एका क्लिनिकमध्ये सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं, १८,००० रुपये, आगाऊ. काउंटरवरच्या मुलीने माझा चेहरा उजेडात धरून पाहिलासुद्धा नाही. चार आठवडे चिमटा, दोरा, वॅक्स बंद, फक्त रेझर चालेल, कारण लेझरला केसाचं मूळ जागेवर लागतं, एवढं मात्र तिने नीट सांगितलं. रेझर या शब्दानेच मला धडकी भरली होती. बाईने तोंडाला रेझर लावला की दाढी येते, हे लहानपणापासून ऐकलेलं. ते खरं नाही. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधक बाईंनी पुरुषांच्या दाढीचे केस मोजून दाखवलं होतं की भादरल्याने केसाची वाढ वाढत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला राठ लागतो, इतकंच.

तीन सिटिंग झाल्या. काळे केस खरोखर विरळ झाले. आणि मग जे उरलं ते पाहून मी बाथरूममध्ये बसून रडले. काळ्यांच्या गर्दीत मिसळून गेलेले पांढरे आता एकटे, स्पष्ट, टोकदार उभे होते. चौथ्या वेळी विचारलं, तेव्हा मशीन चालवणारी म्हणाली, "मॅडम, पांढऱ्यावर मशीन चालत नाही. मेलॅनिन, म्हणजे केसातला काळा रंग, लागतो." मी म्हटलं, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? तिने मी सही केलेला फॉर्म दाखवला. बारीक अक्षरात लिहिलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. मला त्या मुलीचा राग नाही, पगारावरची पोर ती. पण ज्या बाईचे निम्मे केस पांढरे आहेत तिला समोर बसवून सहा सिटिंग विकणं ही फसवणूक आहे, असं मी आजही म्हणेन.

त्यानंतर मी पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. त्यांनी आधी केसांबद्दल न बोलता माझ्याबद्दल विचारलं. आवाज घोगरा झालाय का, टाळू विरळ होतेय का, केस गेल्या काही महिन्यांत एकदम वाढले की वर्षानुवर्षं हळूहळू, मधुमेह, औषधं कोणती. केस अचानक वाढले आणि आवाज बदलला तर अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ नाही ना हे बघावं लागतं, म्हणाल्या. मग टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, साखर अशा रक्ताच्या तपासण्या. अंगावरच्या नऊ जागा बघून प्रत्येकीला शून्य ते चार असे गुण देण्याची त्यांची एक पद्धत आहे, तिच्यात माझे अकरा आले. आठ किंवा त्याहून जास्त आले की हार्मोन्सकडे लक्ष द्यायचं. मला गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की गोळीने नवे केस राठ होणं मंदावेल, तेही सहा महिन्यांनी जाणवेल, आणि आत्ता आहेत ते केस गोळी काढणार नाही.

लेझरचं कोडं त्यांनीच सोडवलं. लेझरचा उजेड कातडीला न जाळता केसाच्या मुळापर्यंत जातो, कारण तो काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो. तिथे त्याची उष्णता होते आणि मूळ भाजतं. रंग हेच लक्ष्य. हे तत्त्व १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं आणि आजची सगळी केसांची लेझर त्यावर उभी आहेत. पांढऱ्या केसाच्या मुळात तो रंगच नाही. उजेड त्याच्या शेजारून निघून जातो. मशीन कितीही महागडं असो, सिटिंग सहा असोत की सोळा.

मी विचारलं, मग डाय लावून करता येणार नाही का? हा प्रश्न बहुतेक जणींना सुचत असणार. डॉक्टर म्हणाल्या, डाय केसाच्या दांड्याला बसतो, कातडीखालच्या मुळाला बसत नाही, आणि मारायचं असतं ते मूळ. उलट वरचा रंगवलेला केस तापून कातडी भाजायची.

एक मलमही दिलं होतं, एफ्लॉर्निथिन नावाचं. हेच औषध आफ्रिकेत माशीमुळे होणाऱ्या झोपेच्या रोगावरही वापरतात. चेहऱ्यावर लावलं की केसाची वाढ संथ होते, आणि केसाच्या रंगाशी त्याला देणंघेणं नाही. दिवसातून दोनदा, मी चार महिने लावलं. चिमट्याचं काम रोजचं होतं ते दोन-तीन दिवसांआड आलं. पण लावणं थांबवलं की दोन महिन्यांत सगळं पूर्ववत. मला कायमचं हवं होतं.

"मग सुई," डॉक्टर म्हणाल्या. इलेक्ट्रोलिसिस. पांढरा, काळा, लाल, सोनेरी, कुठलाही केस असो, एकेका केसाच्या छिद्रात सुई घालून विजेने मूळ मारायचं. अमेरिकेतला औषध-उपकरणांचा सरकारी विभाग लेझरवाल्यांना 'कायमची घट' एवढंच म्हणू देतो. 'कायमचं काढणं' हा शब्द सुईचा आहे. आणि ही सुई काही नवी नाही. १८७५ मध्ये सेंट लुईसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी डोळ्याच्या आत वळून बुबुळाला टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांवर ती पहिल्यांदा वापरली.

करणारं माणूस शोधायला मात्र मला अडीच महिने लागले. पार्लरमध्ये विचारलं की उत्तर ठरलेलं, "पूर्वी करायचो, आता लेझर आलं." एका ठिकाणी हो म्हणाले, तर ताटलीत उघडी ठेवलेली सुई उचलली. मी उठून आले. सुई एकदाच वापरायची असते आणि तिचं बंद पाकीट आपल्यासमोर फुटलं पाहिजे, यावर अजिबात तडजोड नको. शेवटी डॉक्टरांच्याच ओळखीने पुण्यातल्या एका पेठेत जुन्या वाड्याच्या माडीवर एक ताई भेटल्या. साठीच्या आसपास, लेझर येण्याआधीपासून हेच काम करणाऱ्या. त्यांनी पहिल्या दिवशी केस काढलेच नाहीत. पेसमेकर आहे का, जखमेचा वण जाड उठतो का, हे विचारलं, कानाखाली जबड्याच्या कडेला चार केसांवर करून दाखवलं आणि म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी या. डाग पडतोय का बघू. तुमची कातडी सावळी आहे, मी घाई करणार नाही."

बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. तो माझा सुईचा दिवस ठरला. सकाळी सहाची स्वारगेट एसटी, बायकांना अर्धं तिकीट, खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत डुलकी. घरी ह्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "मला कधी दिसलेच नाहीत." मी म्हटलं, कारण तुम्हाला दिसू नयेत म्हणून मी इतकी वर्षं पाच वाजता उठते. त्यावर ते गप्प झाले आणि पुढच्या दुसऱ्या शनिवारी मला स्टँडवर सोडायला आले.

या सगळ्यात सर्वांत कठीण गोष्ट सुई नाही, त्याआधीचे चार दिवस. चिमटीत धरता येईल इतका केस वाढू द्यावा लागतो. म्हणजे मंगळवारनंतर काही उपटायचं नाही. गुरुवारी, शुक्रवारी मी मास्क लावून काउंटरला बसायचे आणि सर्दी आहे म्हणायचे. पांढरा केस जरासा वाढला की बोटाला काट्यासारखा लागतो, सारखा हात तिथेच जातो.

तासभर आधी बधिर करणारं मलम लावून वर प्लॅस्टिकची फिल्म चिकटवायची. खुर्ची मागे कलते, डोळ्यांवर पट्टी, वर भिंगाचा दिवा. ताई दिवा समोरून न धरता बाजूला वळवायच्या, कारण पांढरा केस समोरच्या उजेडात हरवतो आणि तिरक्या उजेडात उठून दिसतो. बँकेच्या त्या खिडकीसारखाच. तेच ऊन ज्यामुळे मी खुर्ची सोडली होती, तेच इथे उपयोगी पडत होतं. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली धातूची कांडी धरायची, म्हणजे वीज वाहायला वाट मिळते. केस ज्या कलाने उगवलाय त्याच कलाने सुई छिद्रात सरकते. ती जाताना दुखत नाही, आधीपासूनच असलेल्या छिद्रात जाते ती. मग ताई पायाने बटण दाबतात आणि आत ऊब, मग टोचरा चटका, मोजून सात-आठ सेकंद.

ताई सुईच्या दोन पद्धती एकत्र वापरायच्या, त्याला ब्लेंड म्हणतात. एक प्रवाह नुसती उष्णता करतो, तो झटपट. दुसरा प्रवाह छिद्रातल्या मिठाच्या पाण्यापासून सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडाच, तयार करतो आणि तो मुळाला खातो. हा संथ, पण खात्रीचा. वर्षानुवर्षं उपटून उपटून माझी मुळं वाकडी झाली होती. सरळ सुई वाकड्या मुळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, सोडा मात्र ओघळून पोचतो, असं ताईंनी सांगितलं. "उपटून जितकी वर्षं गेली तितका वेळ लागतो हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतं.

काम बरोबर झालं की नाही हे आपल्यालाही कळतं. चिमट्याने उचलल्यावर केस लोण्यातून निघावा तसा यायला हवा. ओढ जाणवली तर मूळ मेलेलं नाही, तो नुसता उपटला गेला. हे मला ताईंनी स्वतः शिकवलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. पहिल्या अर्ध्या तासात ६४ केस निघाले. त्यांनी एक केस माझ्या तळहातावर ठेवला. मुळाशी पारदर्शक, जेलीसारखं आवरण होतं. इतकी वर्षं ज्याला भ्याले तो एवढासा.

हनुवटी सोसवते. ओठांवर, विशेषतः नाकाच्या अगदी खाली, फार दुखतं. डोळ्यांतून आपोआप पाणी वाहतं आणि शिंक येते. तिथे आम्ही एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त कधी केलं नाही. नंतर बर्फ, कोरफडीचा गर, दोन दिवस वाफ नाही, फोडणीच्या धुरात उभं राहायचं नाही. तिसऱ्या दिवशी मोहरीएवढ्या खपल्या येतात. त्या खरवडायच्या नाहीत. पाचव्या महिन्यात पुतणीच्या हळदीला मी सिटिंगच्या दुसऱ्याच दिवशी भर उन्हात मांडवात बसले, सनस्क्रीन न लावता. जबड्यावर तपकिरी ठिपके उठले आणि जायला चार महिने लागले. चूक माझी होती, ताईंनी आधीच बजावलं होतं. तेव्हापासून पावसाळ्यातही सनस्क्रीन लावते.

आणि केस परत येतात. हे माहीत नसेल तर माणूस दुसऱ्या महिन्यात सोडून देईल. मीही सोडणार होते. काढल्यावर तीन आठवड्यांत हनुवटी पुन्हा भरलेली, मला वाटलं हेही लेझरसारखंच. ताईंनी वहीत चित्र काढून दाखवलं. प्रत्येक केस काही महिने वाढतो, मग झोपतो, मग गळतो. आज वर दिसतात तेवढेच आज मारता येतात. झोपलेले पुढच्या महिन्यात उठतात, आणि ते नवे असतात, तेच नव्हेत. सगळ्या केसांचा नंबर येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जातं. मला सहाव्या महिन्यात फरक जाणवला. अर्ध्या तासाची सिटिंग संपली तरी वेळ उरला आणि ताई भिंगातून शोधत राहिल्या.

हिशेब मी बँकेतली असल्याने लिहून ठेवलाय. २० महिने, ३१ सिटिंग, साडेसतरा तास, अर्ध्या तासाला १,२०० प्रमाणे ४२,००० रुपये. एसटीचं भाडं वेगळं. लेझरमध्ये गेलेले धरले तर साठ हजार. हे पैसे थोडे नाहीत. ज्या बाईला चार-पाचच पांढरे केस आहेत तिने एवढं करावं असं मी म्हणणार नाही. तिला चिमटा पुरे, नाहीतर चेहऱ्याचा छोटा रेझर पुरे. पण ज्यांचा दिवस त्या केसांनी सुरू होतो आणि संपतो, त्यांच्यासाठी सुईशिवाय दुसरा कायमचा मार्ग पांढऱ्या केसांना आज नाही. आणि केस अजून काळे असतील तर आधी लेझर, राहिलेल्यांना सुई. हा क्रम मला तिशीत कुणी सांगितला असता, तर साडेसतरा तासांचे चार-पाच तास झाले असते.

गेल्या दिवाळीत मुलगी घरी आली. ती आता चोवीस वर्षांची, नोकरीला हिंजवडीत. फराळाचं आवरून आम्ही दोघी ओट्याशी उभ्या होतो आणि ती म्हणाली, "आई, इथे बघ ना." हनुवटीखाली तीन काळे केस. तिने स्वतःहून दाखवले. मी चष्मा लावून उजेडात पाहिलं आणि माझी सगळी गोष्ट तिला सांगितली, तिच्या आजीच्या त्या दुपारीसकट. दुसऱ्या आठवड्यात त्याच डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत पीसीओएस, म्हणजे अंडाशयांच्या आणि हार्मोन्सच्या बिघाडाचा आजार, निघालं, औषध आणि आहार सुरू झाला. चेहऱ्यावर लेझरने काहींना उलट आजूबाजूची लव जाड होते, विशेषतः हार्मोन्सचा त्रास असला तर, हे डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं. आमच्या रंगाला कुठलं लेझर जास्त सुरक्षित हेही सांगितलं. तिने विचार करून होकार दिला. तिच्या तीन सिटिंग झाल्यात.

माझं जाणं आता दीड महिन्याने एकदा, पंधरा मिनिटांसाठी. मागच्या वेळी नऊ केस निघाले. ताईंनी नव्या मुलीला शिकवायला घेतलंय, आणि मी तिला माझ्या हनुवटीवर सराव करू देते, भिंग बाजूला धरून पांढरा केस कसा शोधायचा ते. बँकेत मी खिडकीजवळची खुर्ची परत मागून घेतली. मॅनेजरनी विचारलं, "डोकेदुखी गेली का?" मी हो म्हटलं.